टाका उलट बाजूने बघायचा

मिलिटरीचं जुनं सामान जमवणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात, 'असली आहे का?' मला त्याच्याही आधी एक प्रश्न येतो. 'तुझ्याकडे कशाला?' विचारणारा कधी हसत विचारतो, कधी न हसता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कसं काढायचं हे शिकायला मला वीस वर्षं लागली आणि त्यात मजा होती. दुसऱ्या प्रश्नासाठी मी घरात एक फाइल करून ठेवली आहे. आज दोन्हींबद्दल लिहितो.

आधी सामान म्हणजे काय ते सांगून टाकतो. बंदूक, संगीन, गोळी यांतलं काही नाही. रिकामी पुंगळीसुद्धा मी घरात आणलेली नाही. माझ्याकडे आहेत पिट्ठू, हॅवरसॅक, पाण्याच्या बाटल्या, मेसटीन, नवारीचे पट्टे, पाऊच, पॉन्चो, जर्सी, पार्का आणि फील्ड जॅकेटं. फौजी माणूस अंगावर आणि पाठीवर जे वागवतो ते. बहुतेक सगळं गेल्या पन्नास-साठ वर्षांतलं. ढाल-तलवारी जमवणाऱ्यांच्या लेखी हा कचराच.

हे वेड घरातूनच आलं. अब्बा खडकी बाजारात फौजी टेलर. बॉम्बे सॅपर्सचं सेंटर खडकीतच, त्यामुळे गिऱ्हाईक सगळं वर्दीतलं. फौजेकडून कपडे मिळतात ते ठरावीक मापांत, आणि माणसं काही ठरावीक मापात जन्माला येत नाहीत. मग जवान ते कपडे घेऊन अब्बांकडे येत. बाही आखूड करा, कंबर आत घ्या, दंडावर फॉर्मेशनचं चिन्ह लावा, नाईकचा हवालदार झाला की तिसरी फीत चढवा. सगळे त्यांना 'मास्टरजी' म्हणत. दुकानात दोन मशिनी, एक कोळशाची इस्त्री आणि भिंतीवर परमवीर चक्र विजेत्यांचं कॅलेंडर. त्यातली सालं किती मागे पडली तरी अब्बांनी ते उतरवलं नाही, कारण त्यात अब्दुल हमीद होते. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये खेमकरण भागात, असल उत्तरच्या लढाईत, जीपवरच्या रिकॉइललेस तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे टिपणारे आणि तिथंच शहीद झालेले कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार. क्वार्टरमास्टर म्हणजे कंपनीच्या सामानाचा हिशेब ठेवणारा. कुणाला किती ब्लँकेटं दिली, कुणाचा पिट्ठू फाटला, हे बघणारा. आणि त्यांचे वालिद दर्जी होते. 'वो भी दर्जी का बेटा था,' हे अब्बा सुईत दोरा ओवता ओवता मला इतक्यांदा ऐकवायचे की शाळेत इतिहासाच्या पेपरात तो प्रश्न आला असता तर मी चिलखती दलाऐवजी शिलाईवरच उत्तर लिहिलं असतं.

दुकानात बसून माझं जे काही शिक्षण झालं ते सगळं उलट्या बाजूचं. कुठलाही कपडा हातात आला की अब्बा आधी तो उलटा करायचे. 'सीधी बाजू तो सब अच्छी बनाते हैं बेटा. टाका उल्टी तरफ से देखने का.' मग बोट फिरवत न्यायचे. टीप एकसारखी आहे का? एका इंचात टाके किती? जाड कापडाला आठ-दहा टाके पुरतात. त्याहून कमी असले तर कुणीतरी घाई केली, फार जास्त असले तर सुईने कापडाची चाळण केली. टीप संपते तिथं मशीन मागे घेऊन पक्की केली आहे, की दोरा नुसताच तोडला आहे? खिशाच्या कोपऱ्यावर, पट्टा जोडतात तिथं, पायांच्या मधल्या जोडावर, म्हणजे जिथं ताण येणार तिथं, आडवा भरीव टाका मारला आहे का? इंग्रजीतले शौकीन त्याला बारटॅक म्हणतात आणि त्यावर पानंच्या पानं लिहितात. अब्बांकडे त्याला नाव नव्हतं, ते नुसतं नखाने दाखवायचे.

सरकारी मालाबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे. त्यांना वाटतं असली माल म्हणजे देखणा माल. शाहजहांपूरची ऑर्डनन्स क्लोदिंग फॅक्टरी १९१४ पासून फौजेचे कपडे शिवते, कानपूरची इक्विपमेंट फॅक्टरी त्याहून जुनी, घोड्यांच्या खोगिरापासून सुरू झालेली. २०२१ च्या ऑक्टोबरात सगळे ऑर्डनन्स कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले आणि कपडे-सामानाचे कारखाने 'ट्रूप कम्फर्ट्स' नावाच्या कंपनीत गेले. या कारखान्यांचा माल तुम्ही हातात घेतलात तर निराश व्हाल. रंगात थोडा फरक, शिक्का तिरका, दोऱ्याचं टोक लोंबणारं. पण पिट्ठूच्या खांदपट्ट्याला दोन्ही हातांनी हिसका द्या. चौकोनात फुली मारून शिवलेला तो जोड हलत नाही. दिल्ली-जालंधरच्या बाजारात 'आर्मी टाइप' म्हणून मिळणारा पिट्ठू याच्या बरोबर उलट. बाहेरून चकचकीत, कापड एकरंगी, चेन झुळझुळीत, आणि खांदपट्टा एकाच टिपेवर लटकलेला. मालावर शोभा कुठे खर्च केली आणि ताकद कुठे, एवढं बघितलं तरी निम्मा निकाल लागतो.

'आर्मी टाइप'ला मी बनावट म्हणत नाही, हेही सांगायला हवं. तो विकणारा खोटं बोलत नाही. एनसीसीची पोरं, सिक्युरिटी गार्ड, ट्रेकर यांच्यासाठी तो माल बनतो आणि त्यावर हजारो घरं चालतात. बनावट ती, जी जुनी दिसावी म्हणून चहाच्या पाण्यात उकळून, दगडावर घासून, वर खोटा शिक्का मारून 'कारगिलची आहे' म्हणून विकली जाते.

परदेशी माल आपल्याकडे कसा येतो, हे बऱ्याच जणांना कोडं वाटतं. जुन्या कपड्यांच्या गाठी कांडल्याच्या एसईझेडमध्ये उतरतात, लोकरीचं बरंच काही पानिपतला सूत होण्यासाठी जातं, आणि या प्रवासात काही नग बाजूला निघून जुन्या बाजारांत पोहोचतात. पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मी ढिगाखालून जर्मन फौजेचा पार्का चारशे रुपयांत काढला आहे. मुंबईत मटण स्ट्रीटवर शुक्रवारी पहाटे जो बाजार पसरतो, तिथं उजाडायच्या आत गेलं तर नशीब असतं. नंतर नमाजपर्यंत चहा पीत बसायचं.

त्या पार्क्यावरच्या पट्टीत आकडे होते, ८४१५-१२ ने सुरू होणारे. नाटो देशांच्या सामानाला तेरा आकडी नंबर असतो. पहिले चार आकडे वस्तूचा वर्ग सांगतात. ८४१५ म्हणजे खास कामाचे कपडे, ८४६५ म्हणजे शिपायाने अंगावर वागवायचं सामान, पिट्ठू-पट्टे वगैरे. पुढचे दोन आकडे देशाचे. १२ म्हणजे जर्मनी, ९९ म्हणजे ब्रिटन, ०० आणि ०१ म्हणजे अमेरिका. भारताचाही आकडा आहे, ७२. अमेरिकेत ही तेरा आकडी पद्धत १९७४ मध्ये आली, त्याआधी नंबर अकरा आकडी होता. म्हणजे व्हिएतनामात वापरलेलं म्हणून कुणी १९६८ चं जॅकेट दाखवत असेल आणि पट्टीवर तेरा आकडे असतील, तर फार बोलायची गरज उरत नाही.

अमेरिकन मालात ठेक्याचा नंबरही असतो. 'डीएसए १००-६९' असं काही लिहिलेलं असलं तर ठेका १९६९ चा. डीएसए ही त्यांची पुरवठा खात्याची संस्था, १९७७ मध्ये तिचं नाव बदलून डीएलए झालं. मुंबईत एकाने मला 'डीएलए १००-७२' अशी पट्टी असलेलं एम-६५ जॅकेट दाखवलं होतं. संस्थेला नाव मिळायच्या पाच वर्षं आधी तिने ठेका दिलेला! दुकानदार भला माणूस होता, त्याला स्वतःलाच कुणीतरी विकलं होतं. मी त्याला आकड्यांची भानगड समजावली, तर म्हणाला, 'भाई, ये पट्टी के सिवा बाकी तो बढ़िया है ना?' बाकी खरंच बढिया होतं. ट्रेकला घाला, पैसे वसूल. फक्त व्हिएतनामचे पैसे देऊ नका.

म्हणून पट्टी मी सगळ्यात शेवटी वाचतो. तीच बनवायला सगळ्यात सोपी. आधी कापड, मग दोरा, मग चेन आणि टिचबटणं, मग शिलाईची पद्धत, आणि हे सगळं एकमेकांशी सालाने जुळतंय का ते. सुरुवातीच्या एम-६५ ला ॲल्युमिनियमची चेन, नंतरच्यांना पितळी. पट्टी साठच्या दशकातली आणि चेन प्लॅस्टिकची, असं निघालं तर दोघांपैकी एक खोटं आहे, किंवा चेन कुणीतरी नंतर बदलली आहे. हे दुसरंही असू शकतं, हे विसरायचं नाही. दर्ज्याच्या पोराला तर हे विसरून चालणारच नाही.

खिशात मी दोन गोष्टी ठेवतो, लोहचुंबक आणि आगपेटी. पितळेला चुंबक चिकटत नाही, मुलामा दिलेल्या लोखंडाला चिकटतो. आतल्या जोडातला एक धागा, दुकानदाराला विचारून, काढायचा आणि जाळायचा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो, हलकी राख राहते. नायलॉन-पॉलिएस्टर वितळतं, टोकाला कडक मणी होतो. घरी आणल्यावर आणखी एक गंमत करतो, जुन्या हँडीकॅमचा नाइटशॉट. आधुनिक फौजी कापडाचे रंग असे निवडलेले असतात की रात्रीच्या दुर्बिणीतही नक्षी आणि तिच्या छटा टिकाव्यात. बाजारातलं नक्षीचं कापड त्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा एकसारखं पांढुरकं पडतं, जणू चादर टांगली आहे. जर्मन पार्क्याचे ठिपके पडद्यावर शाबूत दिसले तेव्हा मी शेजारच्या खोलीतून सगळ्यांना बोलावलं होतं. बायको म्हणाली, 'आता तरी धुऊ का?' निळ्या प्रकाशाच्या टॉर्चनेही लोक तपासतात, जुना सुती माल चमकू नये म्हणून. पण आपल्याकडे प्रत्येक कपडा कधी ना कधी डिटर्जंटमधून गेलेला असतो आणि त्या पावडरीमुळे सगळंच चमकतं. ती टॉर्च मी भाच्याला देऊन टाकली.

आणि असली म्हणजे चांगलं, असंही नाही. सुती नवारीचा पिट्ठू आपल्या पावसाळ्यात पाणी पिऊन दुप्पट जड होतो, वाळायला तीन दिवस, मग बुरशी. नायलॉनच्या पिट्ठूला आतून जो लेप असतो तो दमट हवेत काही वर्षांनी चिकट होऊन सुटतो, हात लावला की बोटांना डिंक. बुटांचं तर फार वाईट. माझ्या एका मित्राने खोक्यातले, एकदाही न घातलेले, शंभर टक्के असली परदेशी फौजी बूट घेतले आणि राजगडावर गेला. पद्मावती माचीपर्यंत दोन्ही तळवे चुऱ्यासारखे गळून पडले. पॉलियुरेथेनचा तळवा नुसता पडून राहिला तरी आतून कुजतो. मित्र दोरीने चिंध्या बांधून खाली उतरला. बूट असलीच होते, त्यात वाद नाही.

आता जरा वेगळं. जगभरच्या शौकिनांत सगळ्यात जास्त किंमत ज्या कपड्यांना येते आणि ज्यांच्या सगळ्यात जास्त नकला होतात, त्यांत व्हिएतनाम युद्धातलं टायगर स्ट्राइप आहे. वाघाच्या पट्ट्यांसारखी नक्षी. गंमत अशी की अमेरिकन फौजेने हा गणवेश म्हणून कधी अधिकृतपणे वाटलाच नाही. तो तिथल्या बाजारांत, स्थानिक कारागिरांनी शिवला आणि शिपायांनी आपल्या खिशातून विकत घेतला. मापं वेगवेगळी, नक्षीच्या छटा वेगवेगळ्या, पट्टी बऱ्याचदा नाहीच. म्हणजे ज्याला सरकारी शिक्का नाही, तेच असली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खडकी बाजार दिसला. सैगोनच्या त्या गल्ल्यांतही कुणी मास्टरजी असतील, आणि त्यांचं पोर काजं करत शेजारी बसलेलं असेल.

मला स्वतःला हे कळलं ते एका कोटाच्या निमित्ताने. साताऱ्याकडच्या एका निवृत्त सुभेदारांच्या घरच्यांनी त्यांच्या मागे ट्रंक रिकामी केली, ओळखीतून मला निरोप आला. त्यात थंडीचा एक ऑलिव्ह ग्रीन कोट होता. उलटा केला तर बगलेपासून कंबरेपर्यंत आत घेतलेला, आणि प्रत्येक टीप जिथं संपते तिथं तीनदा मागे-पुढे केलेली, तिसरी वेळ जराशी तिरपी. ती तिरपी टीप अब्बांची. आमच्या जुन्या मशीनचा पाय ढिला होता, त्यामुळे मागे घेताना कापड सरकायचं. दुनियेत कुठल्याही वस्तूबद्दल मी इतक्या खात्रीने बोलू शकत नाही. बेंगळुरूच्या एका संग्राहकाला फोटो पाठवला, त्याचं उत्तर आलं, 'ऑल्टर केलेला आहे, निम्मी किंमत.' बाजाराच्या नियमाने तो बरोबर आहे. कारखान्यातून निघाला तसाच राहिलेला कोट जास्त मोलाचा. पण असा कोट कुणी घातलेलाच नसतो. मी घरच्यांना पूर्ण किंमत दिली. घरी आणून अब्बांच्या हातात ठेवला. मोतीबिंदूमुळे त्यांना आता दोरा दिसत नाही. नख फिरवलं, म्हणाले, 'बगल में जरा ज्यादा ले लिया था.'

आता दुसरा प्रश्न.

२०१६ च्या जानेवारीत पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला, हल्लेखोर फौजी कपड्यांत होते. त्यानंतर लष्कराने आवाहन केलं की नागरिकांनी फौजी नक्षीचे कपडे घालू नयेत, दुकानदारांनी ते विकू नयेत. १५ जानेवारी २०२२ ला सेना दिनाच्या परेडमध्ये नवी डिजिटल नक्षीची वर्दी आली, निफ्टच्या मदतीने तयार केलेली. त्या वर्षी लष्कराने तिच्या नक्षीची नोंदणीही करून घेतली आणि बाहेर कुणी ती बनवली-विकली तर कारवाई होईल, असं जाहीर केलं. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी त्याचा वेश घालणं हा गुन्हा तर इंग्रजांच्या काळापासून आहे. आधी दंड संहितेचं कलम १४०, आता न्याय संहितेचं १६८. मला हे सगळं योग्य वाटतं. वर्दी बाजारात ढिगाने मिळाली की तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्याचा जीव जातो. अब्बा तर तेव्हाही ओळखपत्र बघितल्याशिवाय फीत लावत नसत. त्यांच्या रजिस्टरात नाव, नंबर, युनिट, काम, सगळं उर्दूत.

म्हणून माझे नियम साधे आहेत. आपल्या फौजेची सध्या चालू असलेली वर्दी घेत नाही, कुणी फुकट दिली तरी. बिल्ले, पदकं, ओळखपत्रं नाहीत. फौजी कपडा अंगावर घालून घराबाहेर पडत नाही, जर्मन असला तरी. आणि कुठलीही वस्तू पावतीशिवाय घरात येत नाही. सरकारी भंगाराचे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत होतात, तिथून लॉट घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून मी लिलावाच्या कागदाची नक्कल मागतो. जुन्या बाजारात पावती कोण देतो? मी स्वतः लिहून नेतो, विक्रेत्याची सही किंवा अंगठा घेतो, वस्तूचा आणि जागेचा फोटो काढतो. माझे दुसरे संग्राहक मित्र आहेत, कुलकर्णी, फर्नांडिस, पाटील. ते हसतात. त्यांच्यासाठी कागद म्हणजे किंमत वाढवायची सोय. एकाच्या दिवाणखान्यात तर चक्क जाळी टांगून अख्खा मोर्चा उभा केलेला आहे, पाहुणे त्यात उभे राहून फोटो काढतात. मी कधीतरी त्याला म्हणालो, 'माझ्या दिवाणखान्यात हे उभं केलं तर काय होईल?' तो हसायला लागला आणि मग थांबला. चांगला माणूस आहे.

झालं ते असं. काही वर्षांपूर्वी आम्ही घर बदललं. टेंपोतून खोकी उतरवताना एक खोकं फुटलं, पिट्ठू आणि पाऊच रस्त्यावर. कुणी फोन केला ते मला माहीत नाही आणि मी शोधलंही नाही. संध्याकाळी दोन पोलीस आले, एक अधिकारी, एक हवालदार. अधिकारी तरुण होता, बोलणं नीट. 'तुमच्याकडे मिलिटरीचं सामान आहे अशी माहिती आहे.' अम्मी आतल्या खोलीत तसबी घेऊन बसली. मुलगा आठवीत होता, त्याला मी मुद्दाम बाहेरच बसवला. लपवण्यासारखं काही नाही, हे त्यानेही बघावं म्हणून. एकेक खोकं उघडलं, शेजारी फाइल. वस्तू क्रमांक सतरा, ही पावती. अठरा, ही पावती. दोन तास लागले. बत्तिसाव्या वस्तूला अधिकाऱ्याने फाइल मिटली आणि म्हणाला, 'एवढे कागद तर आमच्याकडेही नसतात.' मग विचारलं, 'पण कशाला हे?' मी अब्बांचं दुकान सांगितलं.

तेव्हा मनात आलं होतं की आणखीही सांगावं. अब्दुल हमीद सांगावेत. मराठा पलटणींमध्ये इंग्रजांच्या काळात दख्खनी मुसलमानांच्या वेगळ्या कंपन्या होत्या, ११७ वी मराठा कुतच्या वेढ्यात अडकली होती, हे सांगावं. मी सांगितलं नाही. या गोष्टी खऱ्या आहेत आणि मला प्यारा आहे तो इतिहास. पण टेंपोतून पिट्ठू पडला म्हणून तो प्रमाणपत्रासारखा दाखवायचा नव्हता मला. पावती होती, ती दाखवली.

ते गेल्यावर अम्मी म्हणाली, 'सब बेच दे.' बायको काही म्हणाली नाही, ते जास्त जड होतं. महिनाभर खोकी तशीच भिंतीला लावून होती. शेवटी अब्बांनीच विषय संपवला. म्हणाले, चोरीचा माल असता तर बेचायचा, हा तर विकत घेतलेला आहे. मग मी कपाट करून घेतलं, काचेचं नाही, साध्या लाकडी दारांचं. त्यात कडुनिंबाची पाने, डांबराच्या गोळ्या आणि पहिल्या फळीवर फाइल.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी तो हवालदार एकटाच आला, साध्या कपड्यात. दार उघडल्यावर मला काय वाटलं ते लिहीत नाही. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. म्हणाला, 'तुम्ही जाणकार आहात म्हणून आलो. हा आमच्या चुलत्यांचा पट्टा. ७१ च्या लढाईतला. पोराला दाखवायचा, फ्रेम करायचा विचार आहे. जरा बघून सांगा.'

मी पट्टा उलटा केला. नवार सुती नव्हती, प्लॅस्टिकच्या धाग्याची होती, कडा वितळवून बंद केलेल्या. ७१ साली आपल्या जवानाचा पट्टा सुती नवारीचा आणि बक्कल पितळेचं. चुंबक खिशातच होता. काढावा की नाही याचा मी बराच वेळ विचार केला. समोर पोलीस बसलेला, आत अम्मी, कपाटात माझं सगळं सामान. 'छान आहे, जपून ठेवा' एवढं म्हटलं असतं तरी तो खूश होऊन गेला असता. आतून अब्बांचा आवाज आला, 'कौन है? क्या लाया?'

मी पट्टा त्यांच्याकडे नेला. त्यांनी नख फिरवलं, बक्कल दाताला लावलं, आणि मला परत दिला. काही बोलले नाहीत.

मी बाहेर येऊन चुंबक बक्कलेला लावला. टक्कन चिकटला. हवालदार चुंबकाकडे बघत राहिला.

'७१ चा नाही,' मी म्हणालो. 'गार्ड लोकांसाठी बाजारात मिळतो तसला आहे.'

'चुलते होते पण ७१ ला. ढाक्याकडे.'

'ते असतील. त्यांचा पट्टा हा नाही. घरात आणखी काही आहे का त्यांचं? मग, चादर, काहीही? पेन्शनचे कागद असतीलच.'

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'एक डबा आहे बघा. ॲल्युमिनियमचा, चपटा, दोन दांड्यांचा. आई त्यात मिरच्या ठेवते.'

'त्याच्या बुडावर शिक्का आहे का, बाणासारखा? आणि साल?'

'बघितलं नाही कधी.'

'घासू नका त्याला,' मी म्हणालो. 'राखेने तर अजिबात नको. तसाच घेऊन या.'